जर्मनीहून गिटार घरी आणायची आहे, विमानातून कशी आणावी?

मासुंदा
२ जानेवारी २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

मी ठाण्याची, नौपाड्यातली. सध्या लेकीकडे जर्मनीत एर्लांगनला आले आहे. १२ तारखेला फ्रँकफर्टहून मुंबईचं थेट विमान आहे. मी, नवरा, दोन मोठ्या बॅगा आणि आता एक गिटार. ती धड घरी कशी पोचवायची, याचा ज्यांना अनुभव असेल त्यांनी जरूर लिहा. चार दिवस नेटवर वाचतेय आणि जितकं वाचते तितकी धास्ती वाढते आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. लेक आठवीत असताना तिला एक साधी गिटार घेतली होती. बारावीनंतर ती कपाटावर गेली. लेक इकडे शिकायला आल्यावर घर फार शांत झालं. एक दिवस मी ती गिटार खाली काढली, पुसली आणि राम मारुती रोडजवळच्या एका सरांकडे शिकायला जाऊ लागले. तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते, आता त्रेपन्न. जुन्या भावगीतांना साथ करण्याइतपत येतं. पण त्या गिटारची मान वाकली आहे आणि तारा मानेवरच्या पट्टीपासून इतक्या वर गेल्या आहेत की एफ हा कॉर्ड (अनेक तारा एकत्र दाबून काढायचे सूर) धरला की पहिल्या बोटाच्या सांध्यातून कळ जाते. सर म्हणाले, "काकू, दोष तुमच्या बोटांचा नाही, नवी बघा."

गेल्या शनिवारी लेक मला थोमान नावाच्या वाद्यांच्या दुकानात घेऊन गेली. बांबर्गजवळ ट्रेपेनडॉर्फ नावाचं चिमुकलं खेडं आहे, तिथे १९५४ पासून हे दुकान आहे. शेतं, चार घरं आणि मधोमध एवढं मोठं दुकान. कोणी हटकत नाही, भिंतीवरची हवी ती गिटार काढून बसा. मी दोन तास बसले. एका गिटारवर जी वाजवला आणि तिची थरथर पोटापर्यंत जाणवली. मान बारीक, पेटी लहान, एफ पहिल्या झटक्यात लागला. लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि काउंटरकडे गेली.

गिटार ५४९ युरो, हार्ड केस ८९ युरो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडे जाईल.

आता प्रश्न. ही केबिनमध्ये नेता येते की सामानात द्यावी लागते? सामानात दिली तर कशी बांधायची? आणि मुंबईला कस्टमचं काय?

---

ऐरोलीकर
३ जानेवारी, सकाळी ८:०५

ताई, आधी अभिनंदन. पण मनात आलं ते विचारतो. एवढी यातायात कशासाठी? धोबी तलावला जा, हव्या त्या कंपनीची गिटार मिळते, वॉरंटी इथली, बिघडली तर माणूस इथला. परदेशातून आणलेल्या वस्तूची वॉरंटी बहुतेक वेळा इथे चालत नाही. मी कीबोर्डच्या बाबतीत हे सोसलं आहे.

---

मासुंदा
३ जानेवारी, सकाळी ८:५०

ऐरोलीकर, तुमचं म्हणणं रास्त आहे. धोबी तलावला मी दोनदा जाऊन आले होते. तिथे मोठ्या पेटीच्या गिटारी खूप होत्या, माझ्या हाताला बसेल अशी सापडली नाही. वाद्य हातात बसलं की कळतं, ते मला इथे कळलं. शिवाय ती लेकीनं तिच्या पहिल्या इंटर्नशिपच्या पैशांतून घेतली आहे. ती आता सोडवत नाही.

---

सीवूड्सवाला
३ जानेवारी, सकाळी ९:३०

कामानिमित्त वर्षातून सात-आठदा युरोप होतो. त्यातल्या चार वेळा गिटार सोबत होती, म्हणून लिहितो.

केबिनचा विचार सोडा. अमेरिकेत तिथल्या विमान कंपन्यांसाठी कायदाच आहे. २०१५ पासून लागू झालेल्या नियमानुसार, चढताना वरच्या कप्प्यात जागा असेल तर गिटार आत नेऊ द्यावी लागते. ते वाचून आपले लोक फसतात. तुमचा प्रवास फ्रँकफर्ट ते मुंबई, तिथे तो नियम नाही. युरोपातल्या बऱ्याच कंपन्यांची केबिन बॅग ५५ सेंटिमीटरची, गिटारची केस एक मीटरच्या वर. एखादी दयाळू हवाईसुंदरी कोटाच्या कपाटात ठेवून देईल, पण त्या आशेवर विमानतळावर जाऊ नका. गेटवर अडवलं तर तिथून ती तशीच खाली पाठवतात, आणि तेव्हा ती पातळ कापडी बॅगेत असेल तर संपलं.

दुसरा मार्ग म्हणजे गिटारसाठी वेगळी सीट घ्यायची. चेलोवाले घेतात. तुमच्या किमतीच्या गिटारला परवडणार नाही.

तेव्हा सामानातच द्या. आजच कंपनीला फोन करून सांगा की एक वाद्य आहे. केसची लांबी, रुंदी आणि उंची मिळून नेहमीच्या १५८ सेंटिमीटरच्या मर्यादेबाहेर जाते. वजन मात्र केससकट सात किलोच्या आसपासच असतं. जादा बॅगेचे पैसे आधी ऑनलाइन भरले तर काउंटरपेक्षा कमी पडतात. नोंद झाल्याचा मेल प्रिंट करून जवळ ठेवा.

आणखी दहा-बारा महिन्यांनी असा धागा निघेल तेव्हा आम्ही नवी मुंबईकर कदाचित घराजवळच उतरत असू. गेल्या रविवारी उलव्याच्या नव्या विमानतळाच्या धावपट्टीवर चाचणीचं प्रवासी विमान उतरलं, आमची अख्खी सोसायटी गच्चीवर होती. तोवर मुंबईचं सहारच.

---

पारसिक
३ जानेवारी, दुपारी १:१५

माझा अनुभव लिहितो. तो वाचून घाबरू नका, पण वाचा.

२०२२ मध्ये मी एक गिटार आणली, जाड फोमच्या कापडी बॅगेत. दुकानदार म्हणाला होता पुरेल. काउंटरवरच्या मुलीनं एका चिठ्ठीवर सही मागितली, मी घाईत केली. मुंबईत पट्ट्यावरून बॅग उचलली तर वरचं टोक हातात मऊ लागलं. चेन उघडली. डोकं मानेपासून सुटलेलं, फक्त तारांना लटकत होतं.

तक्रार केली. उत्तर आलं की तुम्ही लिमिटेड रिलीजवर सही केली आहे, म्हणजे पॅकिंग अपुरं असल्याचं तुम्ही मान्य केलं आहे. एक रुपयाही मिळाला नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ती चिठ्ठी सगळीकडेच असते. सही करण्याआधी टॅग वाचा आणि काय लिहिलंय ते विचारा. हार्ड केस असेल तर ठामपणे सांगा की ही वाद्याची कडक पेटी आहे, पॅकिंग अपुरं नाही.

सीवूड्सवाला, थेट विमान नसतं तर? मला मध्ये एका आखाती शहरात बदलायचं होतं. गिटार कुठल्या टप्प्यावर मोडली ते आजही माहीत नाही.

---

सीवूड्सवाला
३ जानेवारी, दुपारी १:४०

पारसिक, वाईट वाटलं वाचून. बदलायचं विमान असलं की चढ-उतार दुप्पट. थेट विमान मिळत असेल तर त्यासाठी चार पैसे जास्त द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

खाडीकिनारा
३ जानेवारी, रात्री १०:२०

वाशीत गिटार दुरुस्तीचं काम करतो. सुरुवात मिरजेत तंबोऱ्यांपासून झाली, म्हणून माझ्या तोंडी तबली (पेटीची वरची फळी), घोडी (तबलीवर तारा टेकतात ती), खुंट्या हेच शब्द येतात. सांभाळून घ्या.

मासुंदाताई, गिटार सगळ्यात जास्त कुठे मोडते ते आधी डोळ्यांपुढे आणा. मान संपून डोकं सुरू होतं तिथे. लाकूड तिथे सगळ्यात बारीक असतं. बहुतेक ॲकूस्टिक गिटारींचं डोकं मागे झुकलेलं असतं, त्यामुळे लाकडाचे रेषे त्या जागी तिरपे कापले जातात आणि ताकद कमी होते. वर सहा खुंट्यांचं लोखंड. केस पाठीवर पडली की पेटी थांबते, मानेला खाली आधार असतो म्हणून मानही थांबते, डोकं मात्र अधांतरी असतं, ते तसंच पुढे जाऊ पाहतं. बाहेर केसवर ओरखडा नाही आणि आत डोकं फाटलेलं, अशा गिटारी माझ्याकडे येतात. पारसिक यांचंही तेच झालं असणार.

म्हणून डोक्याला आधार द्या. खालूनही आणि वरूनही. त्यासाठी सुती टी-शर्ट सगळ्यात चांगले. घडी करून डोक्याखालची पोकळी भरा, पण इतकी ठासू नका की डोकं वर उचललं जाईल. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना मानेखाली हात धरतो, तेवढाच आधार. मग वरून दुसरी घडी, झाकण लावल्यावर अलगद दाबली जाईल अशी. पेटीच्या खालच्या टोकाला आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना फट असेल तिथेही कपडे भरा. झाकण लावा, केस उभी धरा आणि हलवा. आतून टक्क असा आवाज आला तर उघडून पुन्हा भरा. आवाज बंद होईपर्यंत हे करायचं.

तारा. पोलादी तारा सुरात असताना सगळ्या मिळून सत्तर-पंचाहत्तर किलोचा ताण देतात. डोक्याला हिसका बसतो तेव्हा हा ताण आधीच तिथे असतो, म्हणून तो कमी करायचा. पण पूर्ण सैल करू नका. मानेच्या आत ट्रस रॉड, म्हणजे धातूची सळई, उलट बाजूने ओढत असतो, तारांचा ताण एकदम गेला तर मान मागे कलते. ई ची सी होईल इतपत सगळ्या तारा सारख्या उतरवा, बास.

केसच्या कप्प्यातून कॅपो (मानेवर लावायचा चिमटा), ट्यूनर, तारा कापायची पक्कड, सगळं काढा. प्रवासात कप्प्याचं झाकण उघडतं आणि कॅपो तबलीवर नाचतो. पक्कड केबिन बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतील. ती मोठ्या बॅगेत.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं. दुकानातून रिकामा खोका मागून घ्या. गिटारी कारखान्यातून ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात तो. केस त्यात ठेवा, आजूबाजूला कागदाचे बोळे भरा. मार आधी खोक्यावर पडतो, मग केसवर, मग टी-शर्टवर. गिटारपर्यंत पोचतो तेव्हा त्यात दम उरलेला नसतो.

---

खारघर हिल
४ जानेवारी, सकाळी ७:४५

खाडीकिनारा, फार मोलाचं लिहिलंत. वाचनखूण साठवली.

दोन शंका. माझ्याकडे इलेक्ट्रिक आहे, तिलाही हेच लागू? आणि पट्टी शिसवाची असेल तर परवाने लागतात असं कुठेसं वाचलं होतं, ते काय आहे?

---

खाडीकिनारा
४ जानेवारी, सकाळी ९:१०

इलेक्ट्रिकची मान मागे चार स्क्रूंनी जोडलेली असेल तर काम फार सोपं. तारा पूर्ण उतरवा, स्क्रू काढा, मान वेगळी करा. मान आणि पेटी दोन्ही कपड्यांत गुंडाळून मोठ्या सुटकेसमध्ये राहतात. स्क्रू छोट्या पिशवीत घालून पेटीलाच चिकटवा. चिकटवलेल्या मानेच्या गिटारीला हे चालत नाही.

शिसवाचं असं आहे. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया वंशातली सगळी झाडं सायटीस (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. आपलं शिसव त्यातलंच, जगभरच्या गिटारींच्या पट्ट्या त्याच्या असतात. त्या काळात कारखानदार आणि दुकानदार फार त्रासले. मग २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. त्यामुळे आज दुकानातून घेतलेल्या नव्या गिटारची चिंता नको. ब्राझिलियन शिसव मात्र पहिल्या परिशिष्टात आहे, १९९२ पासून. कोणी हौसेनं जुनी, साठच्या दशकातली वगैरे गिटार घेत असेल तर लाकूड कुठलं ते विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नये. हस्तिदंताचं नट (डोक्याजवळ तारा टेकतात ती पट्टी) किंवा कासवाच्या पाठीची पट्टी असेल तर हातच लावू नये.

आपल्या केरळ-कर्नाटकातलं लाकूड जर्मनीत जाऊन पुन्हा ठाण्याला येतंय, याचं मला तरी अप्रूप वाटतं.

---

कळवा लोकल
४ जानेवारी, दुपारी १२:३०

मी सव्वीस वर्षं कस्टम क्लिअरिंगच्या कामात होतो, आता निवृत्त. कस्टमचा भाग मी घेतो.

आज, जानेवारी २०२५ मध्ये, लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार परदेशातून परतणाऱ्या भारतीय रहिवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचा माल करमुक्त. हा आकडा गिटारपुरता नाही, तुमच्या सगळ्या नव्या खरेदीचा मिळून आहे. त्यात भाच्याचे बूट आले, वहिनीचं परफ्यूम आलं. तुमचे वापरातले कपडे धरत नाहीत. त्यावरच्या रकमेवर ३५ टक्के आणि त्यावर अधिभार धरून ३८.५ टक्के.

तुमचा हिशोब: ५४९ अधिक ८९, म्हणजे ६३८ युरो. युरो ८९ रुपये धरला तर ५६,७८२. वरचे ६,७८२. त्याचे ३८.५ टक्के म्हणजे साधारण २,६०० रुपये. कस्टमचा विनिमय दर सरकार ठरवून जाहीर करतं, तोच लागतो, त्यामुळे शे-दोनशे इकडेतिकडे. लाल मार्गाने (कर भरायचा माल असलेल्यांच्या) जा, बिल दाखवा, पैसे भरा, पावती घ्या. वीस मिनिटांचं काम.

ती पावती जपा. पुढे कधी हीच गिटार परदेशी घेऊन गेलात तर परतताना कामी येते. इथूनच महागडं वाद्य घेऊन जाणाऱ्यांनी निघताना विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावं, म्हणजे येताना "हे इथलंच आहे" असं सांगत बसावं लागत नाही.

---

ऐरोलीकर
४ जानेवारी, दुपारी १:००

काका, पण नवरा सोबत आहे ना? केस त्यांच्या नावावर दाखवली तर दोघंही ५०,००० च्या आत. किंवा दोघांचे मिळून एक लाख धरायचे.

---

कळवा लोकल
४ जानेवारी, दुपारी १:३५

दोघांची सवलत एकत्र करता येत नाही, नियमात स्पष्ट लिहिलं आहे. लाखाची एक वस्तू नवरा-बायकोत वाटून घेता येत नाही. गिटार आणि तिची केस एकाच बिलावर असताना त्यांची फारकत करायचा सल्ला मी देणार नाही. छोट्या रकमेसाठी मध्यरात्री अधिकाऱ्यासमोर गडबडून उत्तरं देणारी साधी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. ताठ मानेनं जा, भरा आणि या.

शिवाय एक गोष्ट ताईंनी लिहिली नाही, म्हणून विचारतो. जर्मनीतला व्हॅट परत घेताय ना? तिथे १९ टक्के असतो. ६३८ युरोत तो जवळजवळ १०२ युरो होतो, म्हणजे नऊ हजार रुपये. इथला कर भरूनही पैसे उरतात.

पण त्यासाठी बिल पर्यटकाच्या नावावर लागतं. तिथे राहण्याचा परवाना असलेल्या विद्यार्थ्याला तो परतावा नाही. बिल कोणाच्या नावावर आहे?

---

मासुंदा
४ जानेवारी, दुपारी २:१०

काका, बिल लेकीच्या नावावर आहे. पैसे तिनं दिले ना. हे वाचल्यापासून ती दुकानाला फोन लावते आहे.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. खाडीकिनारा, तुमचा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला.

---

मासुंदा
४ जानेवारी, रात्री ९:३०

आज पुन्हा ट्रेपेनडॉर्फला जाऊन आलो, कारण उद्या रविवार आणि सोमवारी सहा तारखेला इथे बव्हेरिया प्रांतात सुट्टी. पासपोर्ट दाखवल्यावर त्यांनी जुनं बिल रद्द करून माझ्या नावाचं नवं दिलं, सोबत निर्यातीचा फॉर्म. विमानतळावर त्यावर शिक्का मारून पाठवला की व्हॅट परत करतील. खोका मागितला तर आत जाऊन त्यांनी तीन आणले आणि म्हणाले, बसेल तो घ्या.

---

कळवा लोकल
४ जानेवारी, रात्री १०:००

उत्तम. आता क्रम लक्षात ठेवा. शिक्का मारणारा जर्मन कस्टमवाला वस्तू बघायला मागू शकतो. गिटार पट्ट्यावर गेली तर दाखवणार काय? म्हणून काउंटरवर टॅग लावून घ्यायचा, पण गिटार द्यायची नाही. सांगायचं की टॅक्स फ्री आहे. मग ती घेऊन कस्टमकडे जायचं, शिक्का, आणि त्यानंतर मोठ्या सामानाच्या खिडकीवर. खोका तोवर चिकटवू नका, टेप हातात ठेवा.

---

पारसिक
५ जानेवारी, सकाळी ११:२०

अजून थोडं, माझ्या पडझडीनंतर वकील मित्रानं सांगितलेलं. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाचं नुकसान झालं तर मॉन्ट्रियल करार लागू होतो, भारत आणि जर्मनी दोघंही त्यात आहेत. भरपाईची कमाल मर्यादा याच २८ डिसेंबरपासून १,२८८ वरून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) झाली, म्हणजे अंदाजे एक लाख सत्तर हजार रुपये. ताईंची गिटार त्यात आरामात बसते. मात्र विमानतळ सोडण्याआधी तिथेच नुकसानीचा अहवाल लिहून घ्यायचा, आणि सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करायची. निघताना उघड्या केसचे, डोक्याचे, टॅगचे फोटो काढा, तारीख दिसेल असे.

आणि देव न करो, पण मोडलीच तर?

---

खाडीकिनारा
५ जानेवारी, दुपारी ३:००

मोडली तर फेविक्विक लावू नका. हात जोडून सांगतो. तारा सैल करा, उडालेली प्रत्येक ढलपी, काडीएवढी असली तरी, कागदात गोळा करा, आणि तुटलेले भाग एकमेकांवर बसवून बघायचा मोह टाळा. रेषे चुरडतात आणि मग सांधा बसत नाही. ताजा, स्वच्छ तुटलेला सांधा चांगल्या लाकडी गोंदानं क्लॅम्प लावून जोडला तर वर्षानुवर्षं टिकतो. पारसिक, तुमची जोडली का?

---

पारसिक
५ जानेवारी, दुपारी ३:३०

जोडली. आज रोज वाजते. मागे हात फिरवला की रेघ लागते बोटाला, तेवढंच.

---

मासुंदा
१३ जानेवारी, रात्री ९:१५

मंडळी, पोचलो. सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापैकी प्रत्येकाचा शब्द वाटेत उपयोगी पडला.

फ्रँकफर्टला काउंटरवरच्या बाईंनी टॅग लावला आणि एक चिठ्ठी पुढे केली. पारसिक, मला तुमची आठवण झाली. मी चिठ्ठी वाचायला घेतली, विचारलं, आणि केस उघडून दाखवली. त्यांनी डोक्याभोवतीचे टी-शर्ट पाहिले आणि ती चिठ्ठी बाजूला ठेवली. मग कस्टम. तिथल्या अधिकाऱ्यानं झाकण उघडायला लावलं, बिलावरचा नंबर आतल्या लेबलशी ताडून पाहिला, शिक्का मारला. तिथेच जमिनीवर बसून आम्ही खोका चिकटवला. लेक टेप ओढत होती, हे कापत होते. मोठ्या सामानाच्या खिडकीतून खोका आत गेला आणि मग आम्हाला दोघींना रडू आलं. ते गिटारसाठी नव्हतं अर्थात.

मुंबईला रात्री दीड वाजता उतरलो. मोठं सामान वेगळ्या जागी येतं, तिथे पाऊण तास उभी होते. खोक्याचा एक कोपरा चांगला वीतभर आत गेलेला. पोटात गोळा आला. कोपरा फाडून बघितलं, केस शाबूत. लाल मार्गाने गेले. अधिकारी तरुण होते, बिल पाहिलं, त्यांच्या दरानं २,८०० च्या वर झाले, कार्डानं भरले. पावती देताना म्हणाले, "वाजवता का तुम्ही?" मी हो म्हटलं. कळवा लोकल काका, खरंच वीस मिनिटं लागली.

लेकीनं वाचलं होतं की विमानाच्या पोटातून गार झालेलं वाद्य लगेच उघडू नये, बाहेरच्या दमट हवेचं दव धरतं आणि पॉलिशला बारीक तडे जातात. म्हणून घरी आल्यावर केस भिंतीशी उभी करून ठेवली. दिवसभर तिच्याकडे बघत भोगीची भाजी केली, तिळाच्या भाकरी केल्या.

संध्याकाळी दिवा लावल्यावर उघडली. डोक्यावरचा टी-शर्ट लेकीचा होता, तिच्या तिकडच्या साबणाचा वास तसाच होता त्याला. तो मी अजून धुवायला टाकलेला नाही. खालून वरून बोट फिरवलं, मानेच्या मागे, डोक्याच्या सांध्यावर. कुठे काही नाही. तारा हळूहळू चढवल्या, आधी सगळ्या अर्ध्यापर्यंत, मग पूर्ण. एफ धरला. लागला.

एक शंका आहे. पाचव्या तारेवर दुसऱ्या पडद्याला (फ्रेटला) हलकी झणझण येते. दुकानात नव्हती.

---

खाडीकिनारा
१३ जानेवारी, रात्री १०:४०

मासुंदाताई, डोकं शाबूत आहे हे वाचून मलाच हायसं वाटलं.

झणझणीला घाबरू नका आणि ट्रस रॉडला आज हात लावू नका. जर्मनीत हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात हवा फार कोरडी असते, लाकूड आकसतं. ठाण्याच्या हवेत ते पुन्हा ओलावा घेईल. मान दोन आठवडे हलत राहील. तोवर सुरात ठेवा, रोज वाजवा. नंतरही झणझण राहिली तर वाशीला घेऊन या, तारांची उंची बघून देतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने थेट याल, गर्दीची वेळ टाळा.

खरी परीक्षा जूनमध्ये. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ८५ च्या वर असते. तबली फुगते, घोडी वर उचलली जाते, तारा पुन्हा उंच होतात. तुमच्या जुन्या गिटारचंही बहुधा हेच झालं असेल. दोन-अडीचशे रुपयांचा आर्द्रता मोजायचा काटा मिळतो, तो केसमध्ये ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ओल्या झाल्या की गरम करून पुन्हा वापरा. वाजवून झालं की गिटार केसमध्ये, भिंतीवर टांगू नका. आणि बंद गाडीत, उन्हात कधीच नाही. गोंद मऊ पडतो आणि घोडी सुटते.

ती जुनी गिटारही आणा. मान सरळ होते का बघू.

---

खारघर हिल
१४ जानेवारी, सकाळी ८:२०

तिळगूळ घ्या, गोड बोला, सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा!

मासुंदाताई, एक विनंती. मार्चमध्ये मी भावाकडे ॲमस्टरडॅमला चाललोय, माझी ॲकूस्टिक त्याच्या मुलासाठी घेऊन. इथल्या दुकानांत खोका मागितला तर म्हणतात फेकून दिला. तुमचा तो खोका आहे का अजून?

---

मासुंदा
१४ जानेवारी, सकाळी ९:०५

आहे. एक कोपरा चेपलाय, आतून पुठ्ठा लावून देते. टी-शर्ट तुमचे तुम्ही आणा. नौपाड्यात या एखाद्या संध्याकाळी, तिळगूळही आहे. आणि जाताना काकांनी सांगितलेलं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, तुम्ही गिटार परत आणणार नसाल तर ते लागेल का, हे त्यांना विचारून घ्या.

---

कळवा लोकल
१४ जानेवारी, सकाळी ९:४०

परत आणणार नसाल तर नको. आणणार असाल तर निघायच्या दिवशी तासभर आधी पोचा, गिटार सामानात देण्याआधी दाखवावी लागते.